आयरिश कवयित्रींनी बाईला भूमी-नदी मानणारी रूपकं टाकूनच द्यायला हवी होती का?

काठपदर: माझं उत्तर: हो. अठराव्या शतकातल्या 'आश्लिंग' कवितांत स्वप्नात येणारी देखणी स्त्री म्हणजे आयर्लंड. १९१२ मध्ये क्रांतिकारक कवी पॅट्रिक पिअर्सने 'मिशे एरे' ('मी आयर्लंड') या कवितेत देशाला म्हातारीच्या तोंडून बोलतं केलं. कवयित्री ईव्हन बोलंडने त्याच शीर्षकाची कविता लिहून ते सगळं झिडकारलं आणि १९९४ च्या संग्रहात पुन्हा डब्लिनच्या लिफी नदीच्याच काठी जाऊन बसली! एवढा खटाटोप मग कशासाठी?

शब्दवेल्हाळ: अहो, त्या संग्रहातली 'ॲना लिफी' ही कविता पुन्हा वाचा. नदी म्हणजे बाई नव्हे आणि बाई म्हणजे नदी नव्हे, असं ती चक्क बजावते. मात्र दोन्ही नकारांना एकेक 'तरीही' जोडते. नदीच्या बाजूला व्हायकिंगांची पाती, लाल डगलेवाल्या ब्रिटिश सैनिकांच्या बंदुका, डब्लिनच्या फोर कोर्ट्स या न्यायालयाची आग. बाईच्या बाजूला नदीचा सोशिकपणा, जो तिची हतबलताही आहे. नुसते नकार उचलले की कविता घोषणा वाटते, नुसते 'तरीही' उचलले की जुनी देशमाता. गल्लत इथेच होते.

उलटटपाली: बोलंडवरच किती अडकायचं? कवयित्री नूला नी गोनल आयरिश भाषेत लिहिते. तिच्या 'बेट' या कवितेत पुरुषाचं नग्न शरीर समुद्रातलं बेट आहे, कानशिलं गोड्या पाण्याचे झरे, आणि होडी हाकारणारी ती. झालं की समीकरण उलटं.

काठपदर: उलटं झालं, मोडलं कुठे? शरीर म्हणजे गाठायचा प्रदेश, ही नजर शेवटी दर्यावर्दी विजेत्याचीच. आयरिश कवी शेमस हीनीच्या १९७५ च्या 'ॲक्ट ऑफ युनियन' या कवितेत इंग्लंड पुरुष आणि आयर्लंड गरोदर बाई. होडीत कोण बसलंय एवढाच काय तो फरक. त्यापेक्षा कवयित्री पॉला मीहन बरी. १९८४ च्या जानेवारीत आयर्लंडमधल्या ग्रॅनार्डला पंधरा वर्षांची मुलगी कुमारीमाता मेरीच्या मूर्तीपाशी एकटीच बाळंत झाली. बाळ गेलं, तीही गेली. मीहनच्या कवितेत ती मूर्तीच बोलते. ऋतू आपले येतात-जातात. निसर्ग तिथे बाई नाहीच!

शब्दवेल्हाळ: नाही कशी? मधला उन्हाळा विसरलात. ऐन उन्हाळ्यातल्या लग्नाच्या दिवसांत धरती स्वतःच मीलनासाठी साद घालते आणि मूर्तीला आपली दगडी वस्त्रं फोडून बाहेर पडावंसं वाटतं. बाई-धरती तीच जुनी, फक्त या वेळी ती चर्चच्या कुमारीमातेविरुद्ध उभी केलीय. रूपक टाकून दिलं असतं, तर मूर्तीचा हा हट्ट कवितेत आला कुठून असता?