"हाताने केलेलं" की "हातचं"? एक शब्द हवाय
एका प्रदर्शनाच्या माहितीपत्रकाचं मराठी करतोय आणि एका ओळीवर गाडी अडलीये. चिनी कलाकार आय वेईवेईच्या सूर्यफुलाच्या बिया, २०१० साली लंडनच्या टेट मॉडर्न ह्या कलासंग्रहालयात अंथरलेल्या, जवळपास १० कोटी, सगळ्या चिनी मातीच्या आणि चीनमधल्या जिंगदेजेन गावातल्या १६०० च्या वर लोकांनी एकेक करून रंगवलेल्या. आता ह्याला "हस्तकला" म्हटलं की बचतगटाचा स्टॉल डोळ्यापुढे येतो, "औद्योगिक उत्पादन" म्हटलं तर ते खोटंच. काय लिहू?

— कारागिरी लिहा की सरळ.

— नाही जमत हो. कारागिरी आपण कौतुकाने म्हणतो, देवळाच्या खांबावरची नक्षी बघून. इथे एका बीवर तीन-चार फटकारे मारले, बाजूला ठेवली, पुढची घेतली, असं दोन वर्षं. कंटाळ्याला कारागिरी कोण म्हणेल?

— मुळात कारागीर आणि कारखाना दोन्ही फारसीतून आलेत आणि दोन्हीत "कार" तोच, म्हणजे काम. शिवकाळातल्या अठरा कारखान्यांत मुदपाकखाना येतो, हत्तींचा पीलखानापण येतो, भोंगा आणि धुराडं ह्या शब्दाला फार नंतर चिकटलं. जिंगदेजेन तर जुन्या अर्थाने कारखान्यांचंच गाव, १७१२ मध्ये एका फ्रेंच पाद्र्याने तिथल्या कामाबद्दल पत्रात लिहिलंय की एक भांडं तयार होईस्तोवर ७० जणांच्या हातातून जातं. मग हात विरुद्ध कारखाना ही जोडी लावायची कशी?

— मला वाटतं प्रश्न मशीनचा नाहीच. अमेरिकन शिल्पकार डोनाल्ड जडने १९६४ पासून आपले खोके पत्र्याचं काम करणाऱ्यांकडून बनवून घेतले, स्वतः हात लावला नाही, आणि ते लपवलंही नाही. मराठीत ह्याची सोय आहे ना, करणे आणि करवून घेणे! "हाताने केलेलं" ह्यात कुणाचा हात ते गुलदस्त्यातच राहतं.

— अगदी! आमची आत्या येवल्याला पैठणी घेताना आधी पदर उलटा करून बघते, मागे सुटे धागे लोंबत असले की "सेमी आहे, ठेवा" म्हणते, पण चांगली निघाली की विचारते "कुणाच्या हातची?" हाताने केलेली असं ती कधीच म्हणत नाही. "हातची" म्हटलं की मागे माणूस लागतोच, आईच्या हातची भाकरी, नुसती हातची भाकरी असं कोणी म्हणतं का?

— मग लिहा "१६०० जणांच्या हातच्या बिया", नावं काय तिथे छापणार नाहीतच.

— वा, हे आवडलं, पण संपादक "हातच्या" बघून घरगुती वाटतं म्हणणार, ओळखतो त्यांना. सध्या "जिंगदेजेनच्या १६०० हून जास्त कारागिरांकडून करवून घेतलेल्या" असं टाकतोय. जागा चारच ओळींची आहे, मावतं का बघतो.