भिजलेल्या पासपोर्टवर प्रवास: "काही होत नाही, जा बिनधास्त" हा सल्ला द्यावा का?

दूरचा_रस्ता

ऑफिसमधल्या एका सहकाऱ्याची पाण्याची बाटली बॅगेत गळली आणि पासपोर्ट भिजला. वाळवल्यावर पानं लाटांसारखी झालीत, मागच्या दोनतीन पानांवर पिवळट डाग आलेत, फोटोचं पान मात्र ठीक दिसतंय. महिनाभरात त्याला परदेशी जायचंय. ज्याला त्याला विचारतोय आणि जो तो सांगतोय की काही होत नाही, जा बिनधास्त. मला हा सल्ला अजिबात पटत नाही म्हणून धागा काढतोय.

माझं मत सरळ आहे, पासपोर्ट भिजून त्यावर खुणा राहिल्या असतील तर त्यावर निघू नये, आधी बदलून घ्यावा. अक्षरं वाचता येतात का एवढाच प्रश्न नसतो हो. तो पासपोर्ट चेक-इन काउंटरवरचा माणूस बघणार, मग निघताना इमिग्रेशनवाला, मधे ट्रान्झिट असेल तर तिथे कोणीतरी, मग उतरल्यावर तिथला अधिकारी, आणि परतताना हे सगळं उलट्या क्रमाने परत. यातल्या एकालाही शंका आली की तुमचा प्रवास तिथेच थांबला. बाकी सगळ्यांनी होकार दिला होता याचा काही उपयोग नाही.

आणि किती डाग चालतो, किती नाही याचं जगभर लागू होईल असं मोजमाप कुठेच नाही. अमेरिकेचं परराष्ट्र खातं खिशात ठेवून आलेला बाक किंवा वापरून फुगलेली पानं याला नेहमीची झीज म्हणतं, पण पाण्याने झालेली खराबी थेट 'डॅमेज'च्या यादीत टाकतं. ब्रिटनचं पासपोर्ट ऑफिसही पानांवरचे शाईचे किंवा पाण्याचे डाग खराबीतच मोजतं. म्हणजे पासपोर्ट देणारेच हा खराब आहे म्हणतात आणि आपण एकमेकांना बिनधास्त जा सांगतोय.

साधा_प्रवासी

असहमत. पूर्ण असहमत. तुम्ही जरा जास्तच घाबरवताय लोकांना.

पासपोर्टमधली कामाची गोष्ट म्हणजे फोटोचं पान. त्याच्या खाली ज्या दोन ओळी असतात, प्रत्येकी ४४ अक्षरांच्या, त्या मशीन वाचतं. त्या ओळींमधे चेक डिजिट असतात, म्हणजे पासपोर्ट नंबर, जन्मतारीख, मुदत यातलं एखादं अक्षर चुकीचं वाचलं गेलं तर मशीनला कळतं. त्या ओळी स्वच्छ वाचल्या गेल्या, फोटो नीट आहे, पानं सगळी जागेवर आहेत, तर दस्तऐवज त्याचं काम करतोय. बऱ्याच देशांत आता हे पान पॉलीकार्बोनेटचं असतं, माहिती लेझरने प्लास्टिकच्या आत कोरलेली, त्याला बाटलीभर पाण्याने काय होणार आहे? बाकीची पानं कागदाची, कागद भिजला की वाकडा होतो, यात संशय घेण्यासारखं काय आहे.

मी स्वतः लाटा आलेल्या पानांचा पासपोर्ट घेऊन फिरलोय, कोणी भुवई उंचावली नाही. बदलायला टाकायचा म्हणजे अर्ज, कागदपत्रं, वाट बघणं, आणि तोवर काढलेलं तिकीट वाया. सामान्य माणसाला हे सगळं "सावधगिरी म्हणून" करायला सांगणं मला चूक वाटतं.

दूरचा_रस्ता

तुम्हाला कोणी अडवलं नाही हे खरंच असेल, पण तो त्या दिवशी समोर बसलेल्या माणसाचा निर्णय होता. पुढच्या वेळी दुसरा बसलेला असणार. ज्यांना अडवलं ते "मला कोणी अडवलं नाही" असं लिहायला येत नाहीत ना.

गेट_बंद

मी काही वर्षं चेक-इन काउंटरवर काम केलंय. कोणत्या एअरलाइनसाठी ते राहू दे. मी धागाकर्त्याच्या बाजूने आहे आणि का ते जरा सविस्तर सांगते, कारण काउंटरच्या पलीकडून हे प्रकरण कसं दिसतं ते लोकांना माहीतच नसतं.

आंतरराष्ट्रीय विमान वाहतुकीचा जो १९४४ चा शिकागो करार आहे त्याच्या परिशिष्ट ९ मधे आहे की प्रवाशाला उतरल्यावर प्रवेश नाकारला तर त्याला परत न्यायची जबाबदारी विमान कंपनीची. त्यावर कित्येक देश कंपनीला दंडही लावतात. आता विचार करा, माझ्यासमोर डागाळलेला पासपोर्ट आला, मागे रांग लागलीय, काउंटर बंद व्हायला अर्धा तास आहे. मी हो म्हटलं आणि तिकडे नाकारलं तर कंपनीला भुर्दंड आणि मला जाब. मी नाही म्हटलं तर तुम्ही चिडणार, तक्रार करणार, पण कंपनीच्या खिशातून काही जात नाही. शंका असली की नाही म्हणणंच सोपं पडतं, हे चांगलं आहे असं मी म्हणत नाहीये पण असंच चालतं.

दुसरं म्हणजे आम्हाला शिकवतात ते बनावट पासपोर्ट ओळखायला. लॅमिनेशनची कड उचलली गेलीय का, आत बुडबुडे आहेत का, फोटोभोवती रंग पसरलाय का, शिवणीचा दोरा हललाय का, मधलं पान गायब आहे का. फोटो बदलणारे लॅमिनेशनच उचलतात आणि पाणी शिरलं तरी तेच उचललं जातं. शिवाय पासपोर्टच्या छपाईत काही शाया मुद्दाम अशा वापरतात की कोणी रसायन किंवा पाणी लावून अक्षरं पुसायला गेलं तर त्या फुटाव्यात, पसराव्यात. म्हणजे शाई पसरली की ती धोक्याची घंटा वाजवायलाच पसरलेली असते. आता तुमची बाटली गळली की कोणी छेडछाड केली हे मी दोन मिनिटांत उभ्या उभ्या कसं ठरवणार? माझ्याकडे प्रयोगशाळा नसते. वरिष्ठांना फोन लावते, कधीकधी तेही जिथे जायचंय तिथल्या इमिग्रेशनला विचारतात, आणि तिकडून उत्तर येईपर्यंत विमान निघायची वेळ होते.

आणि साधा_प्रवासी, देशादेशात फरक असतो हो. इंडोनेशियात खराब पासपोर्टबद्दल फार कडक आहेत, बालीला निघालेल्या लोकांना छोट्याशा फाटीवरून काउंटरवरच थांबवल्याच्या बातम्या येऊन गेल्यात. तुम्ही जिथे गेलात तिथे चाललं म्हणून सगळीकडे चालेल असं नाही.

झटपट_उपाय

एवढी डोकेफोड कशाला, हरवला म्हणून सांगायचं आणि नवीन घ्यायचा. विषय संपला.

अनामिका७

असले सल्ले कृपया देऊ नका. हातात असलेला पासपोर्ट हरवला म्हणून लिहून देणं म्हणजे सरकारला खोटं सांगणं आहे, तो गुन्हा होतो. आणि एकदा हरवल्याची नोंद झाली की तो नंबर रद्द होतो, देश तो इंटरपोलच्या चोरी आणि हरवलेल्या दस्तऐवजांच्या यादीत पाठवू शकतो, ती यादी २००२ पासून आहे आणि कितीतरी देशांच्या सीमेवर तपासली जाते. मग जुना पासपोर्ट "सापडला" तरी वापरता येत नाही. त्यात चालू व्हिसा असेल तर तो वापरायचा मार्गही तुम्हीच बंद केलात. भिजला असेल तर भिजला असंच सांगा, खराब पासपोर्टसाठी वेगळी रीतसर सोय असते, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

रानवाट

मला दोन्ही बाजूंचं वाचून एकच सांगावंसं वाटतं की "आधी नवीन काढा मग तिकीट" हे ज्याच्याकडे वेळ आहे त्याचं बोलणं आहे. माझ्या बहिणीच्या सासऱ्यांची तब्येत परदेशात अचानक बिघडली, निघायचं होतं त्याच रात्री, आणि तिच्या पासपोर्टवर आधीच पाण्याचा डाग होता. तिने काय करायला हवं होतं, घरी बसायला? ती गेली. काउंटरवर बराच वेळ थांबवलं, दोघातिघांनी पासपोर्ट उलटापालटा करून बघितला आणि सोडलं. तिची ती वेळ आठवली तरी मला राग येतो, कारण तिला आधी कोणीच सांगू शकत नव्हतं की सोडतील की नाही. एअरलाइनला फोन केला तर म्हणाले काउंटरवर बघून ठरवू. पासपोर्ट ऑफिस म्हणतं बदलून घ्या. वकिलात म्हणते प्रवेश द्यायचा की नाही ते तिथला अधिकारी ठरवेल. म्हणजे निर्णय घेणारा माणूस तुम्हाला सगळे पैसे खर्च करून विमानतळावर पोचल्यावरच भेटणार!

माझी मागणी अशी की पासपोर्ट देणाऱ्या कार्यालयाने खराब पासपोर्ट तपासून एक लेखी शेरा द्यावा, हा चालेल किंवा नाही चालणार. त्यांच्याकडे तज्ज्ञ आहेत, यंत्रं आहेत. मग काउंटरवरच्या ताईंनाही अंदाज बांधावा लागणार नाही.

गेट_बंद

रानवाट, तुमच्या बहिणीसारखे प्रवासी मी बघितलेत आणि त्यांना थांबवायला कोणालाच आवडत नाही. लेखी शेरा मिळाला तर आम्हाला मदतच होईल. पण एक अडचण राहतेच, तुमच्या देशाने चालेल म्हटलं तरी ज्या देशात उतरायचंय तो देश त्याला बांधील नसतो. कोणाला आत घ्यायचं हा त्याचा अधिकार. त्यामुळे दंडाची भीती आहे तशीच राहणार. त्यापेक्षा तातडीच्या प्रसंगी एकदोन दिवसांत नवीन पासपोर्ट किंवा आणीबाणीचा प्रवास दस्तऐवज मिळायची सोय सगळीकडे पक्की असावी, मी त्यासाठी आग्रह धरेन.

रानवाट

एकदोन दिवस नव्हतेच हो तिच्याकडे. पण निदान शेऱ्याचा कागद असता तर काउंटरवर तिच्या बाजूने बोलणारं काहीतरी असतं. मी माझ्या मागणीवर ठाम आहे.

टिपकागद

नव्या पासपोर्टमधे तुमची माहिती साठवलेली चिप असते, ती आणि वाळवणं यावर लिहितो, कारण लोक इथेच जास्त नुकसान करून घेतात. भिजल्यावर इस्त्री फिरवणं, मायक्रोवेव्हमधे ठेवणं, हेअर ड्रायरचा गरम झोत मारणं, यातलं काही करू नका. उष्णतेने लॅमिनेशन सुटतं आणि चिपची अँटेना म्हणजे बारीक तारेचं वेटोळं असतं, त्यामुळे मायक्रोवेव्हमधे चिपही जाते. पाणी टिपून घ्या, पानांच्या मधे कोरडा शोषक कागद घाला, तो दमट झाला की बदला, आणि पूर्ण वाळत आल्यावर जड पुस्तकाखाली ठेवा. चिकटलेली पानं ओढून सोडवू नका, फाटलं तर डागापेक्षा मोठी भानगड.

चिप वाचली जाते का ते फोनच्या एनएफसीवरून (जवळ धरलेली चिप वाचायची फोनमधली सोय) बघता येतं, त्यासाठी अ‍ॅप आहेत. चिप बंद पडली म्हणून पासपोर्ट आपोआप रद्द होत नाही, अमेरिकेसारखे देश स्पष्ट सांगतात की मुदत संपेपर्यंत तो वैधच असतो. फक्त ई-गेटमधून (चिप वाचून आपोआप उघडणारं दार) जाता येणार नाही, अधिकाऱ्यासमोर उभं राहावं लागेल, आणि तो मग पासपोर्ट जास्त बारकाईने बघणार. डाग आणि बंद चिप एकत्र असेल तर मी तरी निघणार नाही.

साधा_प्रवासी

बघा, टिपकागद यांनी चिपचं जे सांगितलं ते माझ्याच बाजूचं आहे. चिप गेली तरी पासपोर्ट वैध असतो, मग कागद थोडा वाकला तर का नसावा?

अनामिका७

व्हिसाचं पान विसरताय तुम्ही. फोटोचं पान सुरक्षित, पण भिजलेल्या पानावर व्हिसाचा स्टिकर असेल तर? अमेरिकेचा नियम असा की व्हिसा खराब झाला तर नवीन व्हिसासाठी परत अर्ज करायचा. व्हिसा शाबूत असेल आणि फक्त पासपोर्ट बदलला तर जुना आणि नवीन दोन्ही सोबत ठेवून तोच व्हिसा वापरता येतो. म्हणजे आज पासपोर्ट बदलायला टाकलात तर व्हिसा वाचू शकतो, आणि तसाच वापरत राहिलात, ते सुटत आलेलं पान अजून चुरगाळलं, तर दोन्ही जाणार. बदलायला देताना तेवढं सांगायचं की आत चालू व्हिसा आहे, जुना पासपोर्ट परत हवाय.

साधा_प्रवासी

व्हिसाच्या पानाचं मान्य, तिथे मी धोका पत्करणार नाही. पण कोऱ्या पानावरचा डाग आणि लाटा यासाठी माणसाला अडवणं मला अजूनही अन्यायच वाटतो. ओळख पटवायला जे लागतं ते सगळं शाबूत असताना फक्त दंडाच्या भीतीने प्रवाशाला परत पाठवायचं, आणि नुकसान कोणाचं, तर त्याचंच. हे बदलायला हवं, आणि आपणच घाबरून पासपोर्ट बदलत बसलो तर कधी बदलणार नाही.

दूरचा_रस्ता

अन्याय आहे हे मलाही मान्य आहे. पण तो अन्याय दूर करायची लढाई माझ्या सहकाऱ्याने स्वतःच्या तिकिटावर लढावी असं मी त्याला सांगणार नाही. त्याच्याकडे महिना आहे. त्याला आजच अर्ज करायला सांगितलंय, फॉर्ममधे पाण्याने खराब झाला असं स्पष्ट लिहून.

नवी_वही

वाचून झालं सगळं. एक विचारायचं राहिलं, परदेशात असतानाच भिजला तर? घरी तर यावंच लागणार.

गेट_बंद

आपल्या देशाच्या वकिलातीत जा, शक्य तितक्या लवकर, परतीच्या आदल्या दिवसाची वाट बघू नका. पूर्ण पासपोर्ट द्यायला वेळ लागत असेल तर ते आणीबाणीचा प्रवास दस्तऐवज देतात, पण तो बहुतेक वेळा एकाच प्रवासापुरता असतो, आणि मधे ज्या देशात विमान बदलायचंय तो देश तो दस्तऐवज मानतो का हे एअरलाइनला आधी विचारून घ्या. शक्य असेल तर थेट विमान घ्या. आणि भिजलेला पासपोर्ट फेकू नका, वकिलातीत तोच दाखवावा लागतो.