मदत हवी आहे: लग्नाच्या ४के एडिटिंगसाठी असेंबल पीसी, ही यादी चालेल का?

रीळवाली
नमस्कार मंडळी. रत्नागिरीत लग्न-मुंजीच्या व्हिडिओंचं एडिटिंग करते, सगळं काम प्रीमियर प्रोमध्ये. कॅमेरा सोनीचा, फुटेज ४के ५०पी (सेकंदाला ५० फ्रेम), १० बिट ४:२:२ (रंगाची माहिती जास्त ठेवणारा प्रकार). लॅपटॉपवर टाइमलाइन अडकत चालते, दर कामाला आधी प्रॉक्सी (फुटेजच्या हलक्या प्रती) कराव्या लागतात. मॉनिटर आहे, बाकी सगळं नवीन घ्यायचं आहे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडच्या एका दुकानातून अशी यादी आली आहे: इंटेल आय५-१२४००एफ, बी७६० डी४ मदरबोर्ड, १६ जीबी डीडीआर५ रॅम (८ चे दोन), आरटीएक्स ३०६० १२ जीबी ग्राफिक्स कार्ड, १ टीबी एनव्हीएमई (वेगवान एसएसडी) आणि '५०० वॅट एसएमपीएससह' (वीजपुरवठ्याच्या युनिटसह) कॅबिनेट.
प्रॉक्सीशिवाय काम होईल का? यादीत काही चुकतंय का? आणि जोडणी घरी जमेल का?

जोडारी
ताई, पैसे भरले नसतील तर आधी थांबा. या यादीतला बोर्ड आणि रॅम एकमेकांत बसतच नाहीत. बोर्डाच्या नावातलं 'डी४' म्हणजे डीडीआर४ चे स्लॉट, आणि रॅम लिहिली आहे डीडीआर५. दोन्हींना पिना २८८ च असतात, पण मधली खाच वेगळ्या जागी असते, त्यामुळे जोर लावूनही बसत नाही, आणि लावूही नये. बी७६० चे बोर्ड दोन्ही प्रकारांत मिळतात. नवीनच घेताय तर डीडीआर५ चा घ्या. रॅम मात्र १६ चे दोन, म्हणजे ३२ जीबी. ४के टाइमलाइन, सोबत आफ्टर इफेक्ट्स आणि ब्राउझर उघडा असला की १६ जीबी पुरत नाही. एकच ३२ ची पट्टी घेऊ नका, दोन चॅनल चालले तर वेग मिळतो.

दुसरी चूक पटकन दिसत नाही, पण तुमच्या कामात तीच मोठी आहे. प्रोसेसरच्या नावाशेवटचा 'एफ' म्हणजे आतलं ग्राफिक्स बंद. गेम खेळणाऱ्याला एफ घेतला तर चार पैसे वाचतात, बिघडत काही नाही. पण एच.२६५ (व्हिडिओ दाबून साठवायची एक पद्धत) मधलं १० बिट ४:२:२ फुटेज उलगडायचं, म्हणजे डीकोड करायचं काम इंटेलच्या आतल्या ग्राफिक्समधला क्विक सिंक हा भाग करतो, आणि आरटीएक्स ३०६० ते करत नाही. ती ४:२:० उलगडते, ४:४:४ सुद्धा उलगडते, नेमकं मधलं ४:२:२ तिला जमत नाही. म्हणजे या यादीत सगळा भार प्रोसेसरच्या सहा कोअरवर येणार आणि नव्या मशीनवरही तुम्ही प्रॉक्सीच करत बसणार.

आय५-१४५०० घ्या, एफ नसलेला. ६ मोठे आणि ८ छोटे मिळून १४ कोअर, आणि आत यूएचडी ७७० हे ग्राफिक्स. १२४०० किंवा १३४०० मध्ये यूएचडी ७३० असतं. तेही हे फुटेज उलगडतं, पण ७७० मध्ये व्हिडिओची इंजिनं दोन आहेत, ७३० मध्ये एक. दोन-तीन कॅमेऱ्यांचं मल्टीकॅम (सगळ्यांचं फुटेज एकदम चालवून एडिट करणं) लावलं की हा फरक कळतो.

फ्रेमदरफ्रेम
जोडारींशी सहमत, पण त्याआधी ताईंनी एक गोष्ट तपासावी. 'सोनी ४:२:२' एवढ्यावर निर्णय घेता येत नाही. कॅमेऱ्यात रेकॉर्डिंगचा फॉरमॅट एक्सएव्हीसी एचएस निवडला असेल तर फाइल एच.२६५, आणि एक्सएव्हीसी एस असेल तर एच.२६४. क्विक सिंकचा वर सांगितलेला फायदा फक्त एच.२६५ ला आहे. १० बिट ४:२:२ एच.२६४ या प्रोसेसरचं क्विक सिंक उलगडत नाही, ते पुन्हा कोअरवरच पडतं. मीडियाइन्फो हे फुकट सॉफ्टवेअर घ्या, एक फाइल उघडा. फॉरमॅटपुढे एचईव्हीसी (म्हणजे एच.२६५) लिहिलंय की एव्हीसी (म्हणजे एच.२६४), एवढंच बघायचं.

आणि कार्डाबद्दल: ३०६० ऐवजी ५०६० बघा. आरटीएक्स ५० मालिकेपासून एनव्हिडियाच्या कार्डांना ४:२:२ उलगडता येतं, एच.२६४ चं आणि एच.२६५ चं दोन्ही. त्यासाठी प्रीमियर २०२५ मधला किंवा नंतरचा लागेल. लग्नाच्या कामात दुसऱ्या कॅमेरामनचं कार्ड हातात येतं, आणि त्याने काय सेटिंग ठेवलं होतं ते आपल्या हातात नसतं. त्या वेळी ५०६० कामाला येते.

जोडारी
मान्य. ५०६० ला मेमरी ८ जीबी आहे, ३०६० ला १२, हा एक तोटा. नॉइज रिडक्शनचे जड इफेक्ट थरावर थर लावत असाल तर ८ कमी पडेल. कलर, टायटल, ट्रान्झिशन एवढंच असेल तर पुरतं. मी असतो तर इथे ५०६० घेतली असती.

वायरमन
एसएमपीएसबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. कॅबिनेटसोबत येणारा '५०० वॅट' अजिबात नको. त्यावर १२ व्होल्टच्या लाइनला किती अँपिअर ते बघा. खऱ्या ५५० वॅटच्या एसएमपीएसवर ४५ च्या आसपास लिहिलेलं असतं. १४५०० पूर्ण जोरात १५४ वॅटपर्यंत जातो, ५०६० चे १४५, बाकी पंखे-डिस्क धरून ५०. म्हणजे ३५० झाले. ८० प्लस ब्रॉन्झ (कार्यक्षमतेचं प्रमाणपत्र) असलेला ५५० वॅट घ्या, ६५० मिळाला तर उत्तम.

यूपीएस ६०० व्हीएचा घेऊ नका. तो खरा ३६० वॅटच देतो. एक्सपोर्ट चालू असताना वीज गेली तर ओव्हरलोडची शिट्टी मारून बंद पडेल. मॉनिटर धरून १००० व्हीए, ६०० वॅटचा लागेल.

आणि अर्थिंग. ज्या पॉइंटवर मशीन लावणार तिथे मल्टिमीटरने न्यूट्रल आणि अर्थमधला व्होल्टेज मोजून घ्या. दोन-तीन व्होल्टच्या आत हवा. अर्थिंग तुटलेलं असेल तर एसएमपीएसच्या फिल्टरमधले कपॅसिटर कॅबिनेटवर शंभरेक व्होल्ट आणून ठेवतात. करंट नगण्य असतो, पण कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येतात. अशा स्थितीत एचडीएमआय किंवा यूएसबी काढ-घाल केली तर पोर्ट जातात. इलेक्ट्रिशियन बोलवा, हे काम पुढे ढकलू नका.

रीळवाली
मनापासून आभार. मीडियाइन्फोमध्ये माझ्या फाइलला एचईव्हीसी, ४:२:२, १० बिट दिसतंय. सोबतच्या कॅमेरामनच्या फाइल एव्हीसी ४:२:२ निघाल्या. म्हणून १४५०० आणि ५०६० दोन्ही घेतले. स्टोरेज किती लागेल? आणि जोडताना काय सांभाळू?

फ्रेमदरफ्रेम
५०पी ४:२:२ चा बिटरेट २०० मेगाबिट असेल तर सेकंदाला २५ एमबी, तासाला ९० जीबी. दोन कॅमेरे, सहा तास म्हणजे एका लग्नाचे हजार जीबीच्या वर. चालू कामासाठी २ टीबी एनव्हीएमई वेगळी ठेवा, विंडोजसाठी ५०० जीबीची दुसरी. क्यूएलसी (एका पेशीत चार बिट ठेवणाऱ्या) प्रकारची टाळा, कॅशे म्हणजे आतली वेगवान तात्पुरती जागा भरली की तिचा लिहिण्याचा वेग एकदम कोसळतो. संपलेली कामं ठेवायला हार्ड डिस्क चालेल, फक्त सीएमआर (लिहिण्याचे पट्टे शेजारी-शेजारी) आहे ना ते विचारून घ्या. एसएमआर (पट्टे एकमेकांवर थोडे चढलेले) डिस्कवर सलग मोठी कॉपी लावली की रात्र जाते.

जोडारी
जोडणी जमेल, घाई नको. आधी कॅबिनेटबाहेर, मदरबोर्डच्याच खोक्यावर बोर्ड ठेवून प्रोसेसर, कूलर, रॅम लावून चालू करून बघा. काही सदोष निघालं तर सगळं पुन्हा उघडायचा त्रास वाचतो.

या प्रोसेसरच्या सॉकेटच्या (बसायच्या जागेच्या) पिना बोर्डावर असतात. प्रोसेसर सरळ वरून ठेवायचा, घासायचा नाही. कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण जुळवा. दांडी खाली दाबताना कुरकुर आवाज येतो, तो येणारच. वरचं काळं प्लास्टिक आपोआप निघतं, ते फेकू नका, वॉरंटीला बोर्ड पाठवताना लागतं.

प्रोसेसरसोबत आलेल्या कूलरच्या चार खुंट्या हे चुकण्याचं हमखास ठिकाण आहे. समोरासमोरच्या दोन एकदम दाबा, मग उरलेल्या दोन. मग बोर्ड उलटा करून बघा: चारही पांढऱ्या खुंट्यांची टोकं सारखीच बाहेर आणि मधोमध काळी पिन दिसली पाहिजे. एक जरी अर्धवट असली तर एक्सपोर्ट सुरू होताच तापमान १०० अंशांवर जातं आणि वेग पडतो. दिवसभर एक्सपोर्ट चालणार असतील तर चार हीटपाइपचा टॉवर कूलर लावा.

रॅम प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये. कॅबिनेटमधले स्टँडऑफ (बोर्ड उचलून धरणारे छोटे खांब) बोर्डाच्या भोकांपुरतेच ठेवा, जास्तीचा राहिला तर खालून शॉर्ट होतो. एनव्हीएमईच्या हीटसिंकखालची पारदर्शक फिल्म काढायला विसरू नका.

रीळवाली
जोडलं. पंखे फिरतात, पण मॉनिटरवर काही नाही. बोर्डावर 'डीरॅम' लिहिलेला दिवा पेटलेला आहे.

जोडारी
आधी पाच मिनिटं तसंच चालू ठेवा. डीडीआर५ पहिल्यांदा चालू होताना बोर्ड रॅमचं ट्रेनिंग करतो, तेव्हा स्क्रीन काळीच असते. पुष्कळजण इथेच बटण दाबून बंद करतात आणि ते सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. तरी दिवा गेला नाही तर मुख्य स्विच बंद करून रॅम काढा. काही बोर्डांना स्लॉटची खिट्टी एकाच बाजूला असते. खिट्टी नसलेली बाजू आधी पूर्ण बसवा, मग दुसरी 'टक' होईपर्यंत दाबा. नाहीच झालं तर एकच पट्टी दुसऱ्या स्लॉटमध्ये लावून बघा.

रीळवाली
खिट्टी नसलेली बाजू किंचित वर राहिली होती. आता चालू झालं, विंडोजही टाकलं. पण टास्क मॅनेजरमध्ये फक्त ५०६० दिसते, इंटेलचं ग्राफिक्स नाही.

फ्रेमदरफ्रेम
वेगळं कार्ड लावलं की बरेच बोर्ड आतलं ग्राफिक्स आपणहून बंद करतात. बायोसमध्ये (बोर्डाच्या सेटिंगमध्ये) 'आयजीपीयू मल्टी-मॉनिटर' सुरू करा. तिथेच असताना रॅमला तिचा पूर्ण वेग देणारं एक्सएमपीही लावून टाका. मग विंडोजमध्ये इंटेलचा ग्राफिक्स ड्रायव्हर टाका. मॉनिटरची केबल कार्डालाच राहू द्या. प्रीमियरच्या प्रेफरन्सेसमध्ये मीडियाखाली हार्डवेअर डीकोडिंगला इंटेल आणि एनव्हिडिया दोन्हींवर टिक करा आणि प्रीमियर बंद करून पुन्हा उघडा. टाइमलाइन चालू ठेवून टास्क मॅनेजरमध्ये 'व्हिडिओ डीकोड'चा आलेख हलतोय का बघा.

रीळवाली
हलतोय. तीन कॅमेऱ्यांचं मल्टीकॅम प्रॉक्सीशिवाय सलग चाललं. एक्सपोर्टला तापमान ८२ च्या वर गेलं नाही. अर्थिंगसाठी उद्या इलेक्ट्रिशियन येतोय.