मेहेरला मराठीत काय लिहायचं? आणि मुअज्जल म्हणजे आत्ता की नंतर?

कृष्णाकाठ : नमस्कार मंडळी. मी सांगलीत कोर्टाजवळ टायपिंग आणि भाषांतराची कामं करते. गेल्या आठवड्यात मिरजेची एक मुलगी आली, तिच्याकडे उर्दू निकाहनाम्याची झेरॉक्स आणि दुसरीकडून करून घेतलेलं मराठी भाषांतर होतं. त्यात चक्क लिहिलेलं, "हुंडा रु. २१,०००". ती म्हणाली, ताई, हुंडा माझ्या अब्बांनी दिला, गाडी दिली, कपाट दिलं, ते वेगळं, हे एकवीस हजार निकाहात ठरलेला मेहेर, नवऱ्यानं मला द्यायचेत आणि अजून दिलेले नाहीत. एका शब्दानं देणारा आणि घेणारा उलटे झाले की हो! मी "मेहेर" लिहून पुढं कंसात अर्थ देणार आहे, पण कंसात नेमकं काय लिहू? शिवाय भाषांतरात रकमेपुढं "मुअज्जल" असं देवनागरीत लिहिलंय. तिला मौलाना म्हणाले नंतर द्यायची रक्कम, मला एक वकील म्हणाले मुअज्जल म्हणजे ताबडतोब. सोमवारी काम द्यायचंय.

साताऱ्याचे गुरुजी : स्त्रीधन हा आपला हक्काचा शब्द असताना मेहेर कशाला? अर्ज मराठी न्यायालयात जाणार, मग भाषाही मराठीच हवी. शिवरायांनी राज्यव्यवहारकोश करून घेतला तो फारसी-अरबी शब्दांचं ओझं उतरवायलाच ना.

वाईची लेक : गुरुजी, तुम्ही लिहिलेला "हक्काचा" हाच मुळात अरबी हक आहे. अर्ज, वकील, वारस, कबूल, सगळे तिकडूनच आलेले आणि आपलेच झालेले. उद्या "स्त्रियांचे हक्क" मधला हक्क काढून अधिकार घातला म्हणून काही जास्त मिळत नाही त्यांना.

तंबोरा : मी मिरजेचाच, दर्ग्याच्या मागं घर. गुरुजी, स्त्रीधन म्हटलं की आईबापांनी, भावांनी, नातेवाइकांनी मायेनं दिलेलं येतं डोळ्यांपुढं. मेहेर निकाहच्या करारातली अट आहे, नवऱ्यावरचं कर्ज. तो मेला तरी वारसांत वाटणी व्हायच्या आधी बायकोचा मेहेर फेडायचा असतो. कुराणात, सूरह निसाच्या चौथ्या आयतीत, स्त्रियांना त्यांचा "सदुका" खुशीनं द्या असं आहे, म्हणजे तिथं मेहेर हा शब्दच नाही पण गोष्ट तीच, आणि द्या कुणाला तर तिला, तिच्या बापाला नाही. आता वकील शब्द निघालाच आहे तर, निकाहमध्ये नवरीकडं जाऊन तिची कबुली विचारून येतो त्यालाही आम्ही वकीलच म्हणतो, काळ्या कोटाचा संबंध नाही.

माणदेशी : आटपाडीकडनं लिहितोय. बापाला न्हाई म्हणताय म्हणून सांगतो, आमच्यात आधी देज घेऊन पोरगी द्यायची पद्धत हुती, आज्जी सांगायची. मग देज लिवा की, अस्सल मराठी शब्द हाय, गुरुजी पण खूश. आणि मला वाटतंय मेहेर आणि माहेर एकच आसणार, बाईचं हक्काचं ते माहेर.

वाईची लेक : देज बापाच्या खिशात जातं दादा, तिथंच सगळा फरक. आणि माहेर हे मातृगृह झिजून झालेलं. मेहेरबान, मेहेरनजर यातला मेहेर फारसी, माया-कृपा या अर्थाचा. निकाहचा मेहेर अरबी. तिन्ही वेगवेगळे. कृष्णाकाठताई, हुंडा मात्र काहीही झालं तरी खोडाच. १९६१ च्या हुंडाबंदी कायद्यात व्याख्येतच मुस्लिम कायद्याखालचा मेहेर वगळलाय. त्या भाषांतरानं तिचं कायदेशीर येणं बेकायदा व्यवहार करून टाकलंय.

माणदेशी : मातृगृहाचं माहेर कसं झालं ते सांगा आधी. आमच्याकडं म्हायेर म्हणत्यात.

साताऱ्याचे गुरुजी : मातृगृह, माइहर, माहेर. घर शब्दही गृहातूनच आला. पण तुमचा म्हायेर हा उच्चार महत्त्वाचा आहे, नोंदवून ठेवा. आणि वाईच्या ताई, रुळलेले शब्द मी काढा म्हणत नाही, न रुळलेले आणू नका म्हणतो. मेहेर किती मराठी वाचकांना कळतो?

तंबोरा : सर, मिरजेतल्या, सांगलीतल्या, कऱ्हाडातल्या मुसलमान बायकांना कळतो की, त्या मराठी वाचक नाहीत का?

आमच्या दादीचं सांगतो. दादा वारले, मय्यत अंगणात, माणसं खांदा द्यायला उभी, आणि आतल्या बायका दादीला म्हणायला लागल्या मेहेर माफ कर, मेहेर माफ कर, म्हणजे त्याच्यावर बोजा राहणार नाही. तिचा मेहेर पाचशे रुपये आणि दोन तोळे. एका हातात तसबीहची माळ, दुसऱ्या हातानं पदर तोंडाशी धरलेला, माफ केला म्हणाली. वर्षभरानं माझ्या आईला म्हणाली, मला कुणी विचारलंच नाही गं, नुसतं सांगितलं. तिला शब्द माहीत होता, रक्कम पाठ होती. हातात काही आलं नाही. हक्क दीनमध्ये, म्हणजे धर्मात आहेत, दाबले ते माणसांनी.

वाईची लेक : तुमच्या दादीला हक्क माहीत होता म्हणता ना, मग नुसतं लिहिलेलं असून पुरत नाही हेच झालं. म्हणून समाजसुधारक हमीद दलवाईंनी १८ एप्रिल १९६६ ला सात मुस्लिम बायकांना घेऊन तोंडी तलाकाविरुद्ध विधानभवनावर मोर्चा नेला. आणि शब्दाचंच बोलायचं तर "तोंडी तलाक" बघा, अर्धा मराठी, अर्धा अरबी, ऐकणाऱ्या कुणालाही लगेच कळतो. सुप्रीम कोर्टाच्या २०१७ च्या निकालानंतर पेपरांत तिहेरी तलाक झाला, पण अन्याय दिसतो तो "तोंडी"त.

तंबोरा : मान्य, कायदाही हवाच. पण बाईनं स्वतः मागून घ्यायचा खुलासुद्धा दीनमध्ये आहे, तो कुणी सांगत नाही.

माणदेशी : खुला म्हंजे? खुला प्रवर्ग?

तंबोरा : नाही हो. बायकोनं मागितलेला घटस्फोट. अरबीत मूळ अर्थ अंगावरचा कपडा उतरवणं. कुराणात नवराबायको एकमेकांचे लिबास, पोशाख म्हटलेत, त्यावरून बघा.

साताऱ्याचे गुरुजी : सुंदर आहे हे. मग "विमोचन" म्हणता येईल. मोचनात सोडवणं आहेच.

वाईची लेक : गुरुजी, विमोचन मिळालं असं कुठली बाई घरी येऊन सांगेल?

कृष्णाकाठ : सगळ्यांचे आभार, पण मुअज्जलचं राहिलंच.

तंबोरा : माफ करा ताई. ते दोन वेगळे शब्द आहेत, आपल्या कानाला एकच. मधे उर्दूचं "ऐन" अक्षर असेल तर ताबडतोब, बायको कधीही मागू शकते. "वाव" अक्षरावर हम्झाची खूण असेल तर मुदतीनं, म्हणजे तलाक झाला किंवा नवरा गेला की. दुसऱ्याला देवनागरीत मुवज्जल लिहितात पण सगळेच पाळत नाहीत. मौलाना आणि वकील दोघंही बरोबर असू शकतात, मूळ उर्दू अक्षर बघा.

माणदेशी : आणि मुदत?

साताऱ्याचे गुरुजी : मुदतही अरबीच. पण रुळलेला.

कृष्णाकाठ : बघितलं. झेरॉक्सची घडी नेमकी त्याच अक्षरावर आलीय, काळा पट्टा आहे नुसता. तिची मूळ प्रत सासरच्या कपाटात, ते देत नाहीत. काझींच्या दफ्तरात एक प्रत असते म्हणे. शनिवारी आम्ही दोघी मिरजेला जातोय. कंसात सध्या "पतीने पत्नीस देणे असलेली रक्कम" असं लिहिलंय, लांब आहे पण तिला वाचून दाखवलं तर म्हणाली, हां, हे बरोबर.

माणदेशी : म्हायेरचं कुणी सांगितलंच न्हाई, मधला य कुठनं आला?