व्याजदर उतरले आहेत. भाड्यासाठी घर आता घ्यावे की थांबावे?

मिरजोळेकर
नमस्कार मंडळी. मी चाळिशीत असून रत्नागिरीत नोकरी करतो. साठवलेले दहा लाख आणि वीस लाखांचे गृहकर्ज यांतून भाड्याने देण्यासाठी घर घेण्याचा विचार आहे. मारुती मंदिर परिसरात एक जुना वन बीएचके असून त्यात भाडेकरू राहत आहे; दुसरा पर्याय म्हणजे गणपतीपुळ्याजवळचे रो हाउस, जे पर्यटकांना देता येईल. एजंट म्हणतो की मुंबई-गोवा महामार्ग पूर्ण झाला की भाव हाताबाहेर जातील, तर मित्र म्हणतो की भाव पडेपर्यंत थांब. अशा चढउतारात निर्णय कशाच्या आधारावर घ्यावा?

हिशेबनीस
भाव पुढे चढतील की पडतील, याचे उत्तर कोणीच खात्रीने देऊ शकणार नाही; म्हणून त्या उत्तराची गरजच कमीत कमी भासेल अशी खरेदी करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. समजा, तीस लाखांच्या फ्लॅटला महिना साडेआठ हजार भाडे मिळते. वर्षाचे १,०२,००० रुपये, म्हणजे ३.४ टक्के झाले, आणि सोसायटीचा मेंटेनन्स, घरपट्टी व एखादा रिकामा महिना वजा केला की तीन टक्केसुद्धा हाती राहत नाहीत. कर्जाचे व्याज मात्र साडेआठ टक्क्यांच्या आसपास धरावे लागेल. ही तफावत तुम्ही पगारातून भरणार आणि ती भाववाढीतून वसूल होण्याची वाट पाहणार. कर्ज जितके मोठे, तितके तुम्ही बाजाराच्या लहरीवर अवलंबून.

शिवाय आजचा दर वीस वर्षे टिकत नाही. रिझर्व्ह बँक इतर बँकांना ज्या दराने कर्ज देते आणि ज्यानुसार गृहकर्जाचे दर हलतात, तो रेपो दर मे २०२२ च्या सुरुवातीला ४ टक्के होता, तो फेब्रुवारी २०२३ पर्यंत ६.५ टक्क्यांवर गेला आणि २०२५ मध्ये पुन्हा उतरला. वीस लाखांच्या वीस वर्षांच्या कर्जाला साडेआठ टक्क्यांनी सुमारे १७,३५६ रुपये हप्ता बसतो. दर एक टक्का वाढला आणि बँकेने हप्ता तोच ठेवून मुदत वाढवली, तर २४० महिन्यांचे सुमारे ३०९ महिने होतात. हप्ता न बदलल्यामुळे अनेकांच्या हे लक्षातही येत नाही. तेव्हा दोन टक्के जास्त दर धरून हिशेब करा, आणि तो झेपत नसेल तर लहान घर पाहा.

मुरूडची ताई
दादा, आमचे दापोलीजवळ मुरूडला पर्यटक निवास आहे, म्हणून रो हाउसबद्दल लिहिते. दिवाळी, नाताळ आणि मे महिन्यातील बुकिंग पाहून बारा महिन्यांचा हिशेब मांडू नका. पावसाळ्यात जोडून सुट्ट्या आल्या तरच माणसे येतात. खर्च मात्र थांबत नाही. खाऱ्या वाऱ्याने खिडक्यांच्या ग्रिलला पोपडे धरतात, एसीचे बाहेरचे युनिट गंजते, आणि स्लॅबमधली सळई फुगली की प्लॅस्टर सुटू लागते. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात आमचे पत्रे उडाले, माड आडवे झाले, आणि टाळेबंदीमुळे पाहुणे तर आधीपासूनच बंद होते. उत्पन्न आणि दुरुस्ती यांचा मार एकाच वेळी बसला, तरी आम्ही तगलो, कारण डोक्यावर कर्ज नव्हते. स्वतः तिथे राहून लक्ष देता येणार असेल आणि वादळाचा विमा काढणार असाल, तरच या वाटेला जावे.

राजापूरकर
घोषणेवर भाव चढतो, म्हणून घोषणा ऐकून पैसे गुंतवू नयेत, हे आम्ही नाणार प्रकरणात जवळून पाहिले. आमच्या तालुक्यातल्या नाणारला रिफायनरी (तेलशुद्धीकरण प्रकल्प) येणार म्हणताच जमिनींचे व्यवहार वाढले. मार्च २०१९ मध्ये भूसंपादनाची अधिसूचना रद्द झाली आणि त्या आशेवर घेतलेल्या जमिनींना गिऱ्हाईक मिळेना. महामार्गाचेही तेच. चौपदरीकरण दशकाहून अधिक काळ रखडले आहे, आणि ते पूर्ण होईल तेव्हाच्या अपेक्षेची किंमत विक्रेता आजच तुमच्याकडून घेत आहे. भाड्याची खरी मागणी नोकरदार, विद्यार्थी आणि इस्पितळातील कर्मचारी यांच्याकडून येते, आणि ती शहरात आहे. तरीही रो हाउस घ्यायचेच असेल, तर बिनशेतीचा आदेश (शेतजमीन घरासाठी वापरण्याची परवानगी) आणि सीआरझेडची, म्हणजे बांधकामावर निर्बंध असलेल्या किनारपट्ट्याची, रेषा नकाशावर स्वतः तपासा. पडत्या बाजारात सदोष कागदांचे घर सर्वांत आधी अडकते.

मिरजोळेकर
सर्वांचे मनापासून आभार. दोन टक्के जास्त धरून हिशेब केला, तर वीस लाख झेपत नाहीत. शहरातलाच फ्लॅट, पण वर्षभर आणखी बचत करून बारा लाखांपर्यंतच्या कर्जावर घ्यावा, असे ठरवत आहे. तोवर हा फ्लॅट गेला तर दुसरा पाहीन. भाडेकरू आत असलेले घर घेताना काय काळजी घ्यावी?

हिशेबनीस
त्याचा सध्याचा लिव्ह अँड लायसन्स करार नोंदणीकृत आहे का, ते पाहा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ नुसार ही नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकावर असते. अनामत रक्कम जुन्या मालकाकडे राहू देऊ नका. ती व्यवहाराच्या रकमेतून वळती करून तसा उल्लेख खरेदीखतात करून घ्या, आणि ताबा मिळताच भाडेकरूशी स्वतःच्या नावाने नवा करार नोंदवा.