सावलीसाठी सोनचाफा लावायचाय, कलम घेऊ की बियांचं रोप?

डोंगरवाट:
नमस्कार मंडळी, भोरजवळ आमची अर्धा एकर जागा आहे, कोपऱ्यात छोटं घर आणि बाकी सगळं मोकळं. आईला सोनचाफा हवाय आणि मला सावली, म्हणजे खाली खाट टाकून दुपारी पडता येईल असं मोठं झाड. नर्सरीत सगळे कलमच दाखवतात, लगेच फुलं येतील म्हणतात. जमीन मुरमाड, पाऊस भरपूर, पण एप्रिल-मेमध्ये बोअरचं पाणी खूप कमी होतं. जमेल का?

कुडाळकर:
सावली हवी तर बियांचंच रोप लावा, दुसरा विचार नको. कलमाला वर्ष-दोन वर्षांत फुलं येतात पण ते बुटकं राहतं, लोक कुंडीत पण लावतात. सोनचाफा मुळात सह्याद्रीतल्या सदाहरित जंगलातला वृक्ष आहे, आमच्याकडे देवळांमागे जुनी झाडं आहेत ती कौलांच्या कितीतरी वर गेलीत, फुलं काढायला कोणी चढत नाही, सकाळी खाली पडलेली वेचायची. रोपाला फुलायला ७-८ वर्षं लागतात, कधी जास्तही, पण तोवर झाड उंच झालेलं असतं आणि मग वास अख्ख्या आवारात फिरतो, हे सुख कलमात नाही हो.

मातीवेडी:
भोरला होईल दादा, फक्त दोन गोष्टी सांभाळा. याच्या मुळाशी पाणी साचलेलं अजिबात चालत नाही, पानं पिवळी पडून झाड जातं, म्हणून ३ फूट लांब-रुंद-खोल खड्डा घेऊन चांगली माती, शेणखत, पालापाचोळा भरा आणि रोप जमिनीपेक्षा थोडं उंचवट्यावर लावा. दुसरं म्हणजे उन्हाळा. पहिले दोन-तीन उन्हाळे ठिबक हवंच, बुंध्याभोवती पाल्याचा जाड थर आणि पश्चिमेकडून हिरवी नेट, कोरडा वारा कोवळ्या पानांना फार लागतो. जूनमध्येच लावा म्हणजे उन्हाळ्यापर्यंत मुळं धरतील. घरापासून २५ फूट तरी लांब, पश्चिमेला, म्हणजे दुपारची सावली घराकडे येईल.

पानफुटी:
पानांवर हिरव्या अळ्या दिसल्या तर प्लीज फवारणी करू नका, शेपटीवाल्या हिरव्या ठिपक्यांच्या फुलपाखराच्या असतात त्या, झाड मोठं झालं की त्याला काही फरक पडत नाही. आणि एवढी जागा आहे तर बकुळ पण लावा ना, वाढते हळू पण सावली एकदम गच्च आणि फुलं सुकली तरी वास जात नाही.

डोंगरवाट:
खूप आभार सगळ्यांचे. मग असं करतो, आईसाठी एक कलम स्वयंपाकघराच्या दाराशी आणि पश्चिमेला बियांचं रोप. बकुळ फाटकाजवळ. पण बियांचं रोप मिळतच नाहीये इकडे, घरी करता येईल का?

कुडाळकर:
येईल की. पावसाळ्यात फळांचे घोस उकलतात, आत लाल गराचं बी दिसतं, पक्षी खायच्या आधी गाठायचं. गर धुवून काढा, राख चोळा आणि लगेच पिशवीत लावा, ठेवलेलं बी रुजत नाही. वर फक्त पातळ मातीचा थर. महिना-दोन महिने काहीच दिसलं नाही तरी पिशवी उकरून बघू नका, पाणी देत राहा.