जर्मनी 2025: प्रभावी पक्षसंख्या 4.31 की 5.11?

कृष्णाकाठ_सांगली
नमस्कार. सांगलीत एम.ए. राज्यशास्त्र करतेय, प्रबंध फेब्रुवारी 2025 च्या बुंडेस्टाग (जर्मन संसद) निवडणुकीवर आहे. लाक्सो-तागेपेरा सूत्राने जागांवरून प्रभावी पक्षसंख्या (म्हणजे पक्षांचा आकार लक्षात घेऊन काढलेली संख्या) काढली. सीडीयू-सीएसयू हे मित्रपक्ष एक धरले तर 4.31, वेगळे धरले तर 5.11. प्रबंधात कोणता आकडा द्यायचा? शिवाय गॅलघर निर्देशांक (मतांचा आणि जागांचा हिस्सा यांतली तफावत) 4.7 येतोय, तो कमी वाटतो.

अजिंक्यतारा
दोन्ही आकडे बरोबर आहेत, ताई. 630 पैकी सीडीयू 164, सीएसयू 44. सूत्रात जागांच्या हिश्श्यांचे वर्ग होतात आणि 1 ला त्यांच्या बेरजेने भागतात, त्यामुळे 208 चा एकच गट केला की बेरीज फुगते आणि पक्षसंख्या खाली येते. सीएसयू फक्त बव्हेरियात लढतो, सीडीयू बव्हेरिया सोडून सगळीकडे, आणि संसदेत दोघांचा गट एकच. आपल्याकडच्या युतीशी तुलना करू नका, जर्मनीत या दोघांत जागावाटपाचा प्रश्नच येत नाही. सरकार कसं बनलं यावर लिहीत असाल तर 4.31, पक्षसंघटनेवर असेल तर 5.11. मात्र तुलनेसाठी 2021 ला दोघांना एक आणि 2025 ला दोन धरलं असं झालं तर सगळा तक्ता वाया जाईल.

वारणाकाठ
गॅलघरमध्ये तुम्ही बहुतेक संसदेत पोचलेलेच पक्ष घेतलेत. जागा शून्य असली तरी मतं मोजायचीच. बीएसडब्ल्यू या पक्षाला 4.98 टक्के, एफडीपी या पक्षाला 4.3, किमान 5 टक्के मतांच्या अटीमुळे दोघेही संसदेबाहेर. त्यांच्या मतं-जागा फरकांचे वर्ग 24.8 आणि 18.5, मिळून 43.3. आत गेलेल्या पाच मोठ्या पक्षांची (सीडीयू-सीएसयू एक धरून) अशीच बेरीज 43.9! म्हणजे जवळपास निम्मी तफावत या दोघांमुळे आहे. हे प्रबंधात ठळकपणे यायलाच हवं. दोन्ही मिळून 87.2, भागिले 2, त्याचं वर्गमूळ 6.6, हा खरा गॅलघर.

उरलेल्या छोट्या पक्षांची मतं साधारण 4.6 टक्के आहेत. ती ‘इतर’ म्हणून एका ओळीत टाकलीत तर त्या ओळीचाच वर्ग 21 होतो, म्हणून प्रत्येक पक्ष वेगळा भरा. मतं ‘दुसऱ्या मता’ची (मतदाराने पक्षाला दिलेल्या मताची) घ्या, जागा त्यावर ठरतात. जर्मन फाइलीत दशांशाला स्वल्पविराम असतो, एक्सेलमध्ये आणताना तो बदलून घ्या.

कृष्णाकाठ_सांगली
खरंच, ते दोन पक्ष सुटले होते. एसएसडब्ल्यू या छोट्या पक्षाला पाव टक्काही मतं नाहीत, तरी 1 जागा आहे. काढून टाकू का?

वारणाकाठ
नको. तो डॅनिश अल्पसंख्याकांचा पक्ष, त्याला 5 टक्क्यांची अट लागू नाही. आकड्यात फरक पडणार नाही, तळटीप मात्र द्या.